गल्ला फोडायचा की ठेवायचा?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)



मला विषय दिला होता 'अमेरिकेतल्या काळ्यांची चळवळ'. विषय भलामोठा. त्यावर मी बोलायला लागलो तर तुम्ही तासाभरात चहाला उठाल आणि परत येणार नाही. म्हणून एकाच घराच्या एका तळघराची गोष्ट सांगतो. चळवळ त्यातच दिसेल.

तळघर डेट्रॉइटमधलं. मिशिगन राज्य, मोटारींचं शहर. मी तिथं चार वर्षं एका कारखान्यात ड्रॉइंगच्या कामावर होतो. शेजारच्या टेबलावर तपासणी खात्यातला एक काळा माणूस. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. पहिला महिनाभर 'गुड मॉर्निंग'च्या पुढं गाडी गेली नाही. त्याच्या लेखी मी आणखी एक परदेशी इंजिनियर, दोन वर्षं राहणार, घर घेणार आणि काळ्यांच्या वस्तीतून जाताना गाडीच्या काचा वर करणार. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपले लोक तिकडे जाऊन काय करतात ते मीही बघितलंय.

एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता मी सांगून टाकलं. १९६६ साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सीलनं ब्लॅक पँथर पार्टी काढली, आणि १९७२ साली मुंबईत आमच्या पोरांनी तिच्यावरनं दलित पँथर हे नाव घेतलं. त्यानं हातातलं सँडविच खाली ठेवलं. त्याला वाटलं मी थापा मारतोय. मग त्याला सांगितलं, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि डु बॉइसनी त्याला उत्तर दिलं. त्या दिवसापासून तो मला 'ब्रदर' म्हणायला लागला. मी त्याला दोस्त म्हणतो. त्याचं नाव इथं सांगत नाही, त्याच्या घरातली गोष्ट आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात दोस्ताची मावशी गेली. वय ८४. शाळेच्या भटारखान्यात जन्मभर रांधलेली बाई. लग्न केलं नव्हतं, बहिणीची पोरं तीच तिची पोरं. मागं राहिलं एक विटांचं घर, घरपट्टीची थकबाकी आणि मयताचं बिल. तिकडे मरणंसुद्धा स्वस्त नाही. पेटीपासून जमिनीपर्यंत सगळ्याचे पैसे. दोस्त आणि त्याची थोरली बहीण घर रिकामं करायला लागले. माझ्याकडे मोठी गाडी होती म्हणून मलाही बोलावलं.

तळघरात दोन लोखंडी मांडण्या आणि अकरा खोकी. दोस्तानं पहिलं खोकं उघडलं आणि तसंच मिटलं. म्हणाला, हे आपलं नाही, कुणीतरी ठेवायला दिलं असणार. मग दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. मग तो पायरीवर बसला.

काय होतं आत? मीठ-मिरीच्या डब्या. एक जाडी काळी बाई, डोक्याला रुमाल, आणि तिचा नवरा. डोक्याला भोकं, तिथनं मीठ पडणार. बिस्किटांची बरणी, तीही तशीच बाई, तिचं मुंडकं उचलून आत हात घालायचा. साबणाच्या जाहिरातीची कार्डं, काळं पोर धुवून गोरं होतंय. पोस्टकार्डं, मगर जबडा उघडून बसलीय आणि समोर काळी उघडी लेकरं, खाली काहीतरी विनोदी लिहिलेलं. टेबलक्लॉथ, अ‍ॅशट्रे, गाण्यांच्या चोपड्या. सगळीकडे तेच तोंड. कोळशासारखं काळं, ओठ लालभडक, डोळे बटाट्याएवढे, दात बाहेर. जणू दोन-चार कोटी माणसांना मिळून एकच तोंड दिलेलं.

या सगळ्या वस्तू रोजच्या वापरातल्या आहेत, हे ध्यानात घ्या. मीठ, साखर, साबण, बिस्किट. शिवी कुणी तोंडावर दिली तर त्याची कॉलर धरता येते. तीच शिवी मीठदाणीत भरून दिवसातनं तीनदा जेवणाच्या टेबलावर ठेवली की ती शिवी आहे हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही. गोऱ्याच्या पोराला काळा माणूस भेटायच्या आधी काळ्याचं हे तोंड भेटत होतं.

हे तोंड आलं कुठून? १८३० च्या आसपास थॉमस राइस नावाचा एक गोरा नट तोंडाला काळं फासून, फाटके कपडे घालून नाचायचा. त्या सोंगाचं नाव 'जिम क्रो'. गोरं पब्लिक हसून लोळायचं. पुढं गुलामी कायद्यानं गेली, पण दक्षिणेत काळ्यांना वेगळा डबा, वेगळा नळ, वेगळी शाळा असे कायदे आले, त्यांना नाव पडलं ते हेच, जिम क्रो. १८९६ साली वरिष्ठ कोर्टानंही त्यावर शिक्का मारला. ते कायदे मोडायला १९६४ आणि १९६५ साल उजाडावं लागलं. सोंगाचं नाव कायद्याला लागलं, यात योगायोग नाही. आधी माणसाचं सोंग करायचं, मग त्या सोंगाला वेगळा डबा द्यायचा. मग कुणाला काही वाटत नाही.

आता गल्ल्याची गोष्ट. मी स्वतः सांगितली नाही तर भाषण खोटं होईल.

एका खोक्यात बिडाचा गल्ला होता. काळ्या माणसाचं अर्धं धड, पुढं केलेला हात. असले गल्ले १८८० नंतर अमेरिकेत कारखान्यात बनत होते. बाजारात त्याला जे नाव होतं त्यात काळ्यांना दिलेली शिवी आहे, ते मी घेणार नाही. हातावर नाणं ठेवायचं, पाठीमागची कळ दाबायची. हात वर जातो, नाणं तोंडात जातं, डोळे फिरतात. दोस्ताचा सहा वर्षांचा नातू तिथंच होता. मी खिशातलं नाणं काढलं, हातावर ठेवलं, कळ दाबली. डोळे फिरले. आणि मी हसलो.

हो, हसलो. खोटं कशाला बोलू? यंत्र फार हुशारीनं केलेलं आहे, माणूस हसावा म्हणूनच केलेलं आहे. मी हसलो म्हणून ते पोरगंही हसलं आणि म्हणालं, अजून एकदा. दोस्तानं माझ्या हातातनं गल्ला काढून घेतला. काही बोलला नाही. मला त्या वेळी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जन्मभर फुले-आंबेडकर वाचलेला मी, आणि एका काळ्या पोराला त्याच्याच तोंडावर हसायला शिकवलं. सव्वाशे वर्षांपूर्वी बसवलेली कळ अजून चालते, आणि ती माझ्या बोटानंही चालते.

रॅल्फ एलिसनची 'इनव्हिजिबल मॅन' नावाची कादंबरी आहे, १९५२ ची. दोस्ताच्या धाकट्या मुलीनं मला ती वाचायला दिली. त्यात नायकाला असाच गल्ला सापडतो, तोही हार्लेममधल्या काळ्या घरमालकिणीच्या घरात. तो चिडून तो फोडतो. मग ते तुकडे टाकायला बाहेर पडतो. एका कचऱ्याच्या डब्यात टाकतो तर बाई ओरडते, आमच्या डब्यात नको. रस्त्यात सोडून देतो तर एक माणूस मागनं धावत येऊन परत आणून देतो. शेवटी तुकडे त्याच्या बॅगेतच राहतात. त्या तळघरात आमची गत तीच झाली.

घरात तीन मतं पडली. थोरली बहीण नर्स आहे. ती म्हणाली, मागच्या अंगणात ड्रम आहे, आजच जाळा. माझ्या मावशीच्या घरातनं हे बाहेर निघालेलं शेजाऱ्यांनी बघता कामा नये. दोस्त म्हणाला, मयताचं बिल कोण देणार? बाजार आहे याला, विकू. धाकटी मुलगी कॉलेजात शिकणारी, ती म्हणाली, संग्रहालयाला द्या. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि गल्ल्याच्या प्रकारानंतर मी ते दिलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. गोरा, गोडबोल्या, टोपी हातात धरून बोलणारा. त्यानं खोकी चाळली. या मालाला बाजारात सभ्य नाव आहे, 'ब्लॅक अमेरिकाना'. कुठली बरणी कुठल्या कारखान्याची, कुठला रंग दुर्मिळ, सगळं त्याला पाठ. त्यानं प्लास्टिकच्या जोडीकडे बोट केलं. ही ओहायोतल्या डेटन गावच्या साच्यावरची, पॅनकेकच्या पिठाच्या खोक्याची झाकणं पाठवली की मिळायची, बक्षीस. या चिनीमातीच्या डब्यांच्या बुडाला बघा, 'ऑक्युपाइड जपान'. म्हणजे १९४५ ते १९५२, जपान हरला आणि अमेरिकेच्या ताब्यात होता, तेव्हा तिथल्या कामगारांनी घडवलेल्या. मी मनात म्हटलं, वा रे बाजार! हरलेल्या पिवळ्या माणसानं पोटासाठी काळ्याची टिंगल घडवायची आणि जिंकलेल्या गोऱ्यानं ती विकत घ्यायची.

मग त्यानं दर सांगायला सुरुवात केली आणि एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. वस्तू जितकी घाणेरडी तितका दर चढा. आणि सगळ्यात जास्त दर एका पोस्टकार्डाला. त्यावर चित्र नव्हतं, फोटो होता. झाड, झाडाला टांगलेला माणूस, खाली जमाव, जमावात पोरं. मागं शाईनं कुणीतरी खुशाली कळवलेली. अमेरिकेत असे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं केली जायची आणि नातेवाइकांना धाडली जायची. २००० साली 'विदाउट सँक्च्युअरी' नावानं अशा कार्डांचं पुस्तक निघालं, तेव्हा त्या देशाला पुन्हा एकदा घाम फुटला. १८७७ ते १९५० या काळातल्या चार हजार चारशेहून अधिक काळ्यांच्या अशा हत्यांची नोंद एका संस्थेनं केलीय. २०१८ साली अलाबामातल्या माँटगोमेरीला त्यांचं स्मारक झालं. आणि हत्या अशी करणं हा केंद्राच्या कायद्यानं वेगळा गुन्हा ठरायला २०२२ साल लागलं.

व्यापाऱ्यानं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, आकडा सांगितला. बहीण म्हणाली, ते खाली ठेव आणि माझ्या मावशीच्या घरातनं चालता हो. तो गेला. दोस्त गप्प होता, कारण त्या आकड्यात मयताचं बिल भागत होतं. त्याला दोष देऊ नका. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही त्यानं तत्त्वाच्या गप्पा माराव्यात हे फार सोपं असतं.

त्याच रात्री वही सापडली.

शाळेची साधी वही. शेवटच्या खोक्याच्या तळाशी. मावशीनं प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती, त्या आम्ही किमतीच्या चिठ्ठ्या समजलो होतो. चिठ्ठीवर नंबर, वहीत त्या नंबराची नोंद. कुठं मिळाली, कोणत्या साली, किती पैसे दिले, विकणारा काय बोलला. पहिला नंबर त्या जाड्या बाईच्या मीठदाणीचा. ती मावशीनं घेतलेलीच नव्हती. १९६८ च्या नाताळात शाळेतल्या एका गोऱ्या बाईनं प्रेमानं भेट दिली होती. तुला आवडेल म्हणून. मावशीनं थँक यू म्हणून घेतली, घरी आणली आणि नंबर घातला. तिथनं चाळीस वर्षं ती जुन्या बाजारात जायची, दिसेल ते उचलायची. एका पानावर तिनं कारण लिहिलंय. जे माझ्याकडे आहे ते दुसऱ्या कुणाच्या टेबलावर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बहिणीनं वही वाचली आणि ड्रमचं नाव काढलं नाही. मावशीनं जे चाळीस वर्षं गोळा केलं ते आपण एका दुपारी जाळणार होतो, हे तिच्या ध्यानात आलं. जाळून कुणाचं भलं होतं बघा. साचा कारखान्यात. एक बरणी जाळली तर कारखान्याचं काय जळलं? जळला तो पुरावा. उद्या कुणी म्हणालं, असं कधी नव्हतंच, तुम्हीच रडता, तर दाखवायचं काय?

पुढच्या रविवारी आम्ही चौघं गाडीनं बिग रॅपिड्सला गेलो. तिथल्या फेरिस स्टेट विद्यापीठात जिम क्रो संग्रहालय आहे. डेव्हिड पिल्ग्रिम नावाच्या काळ्या प्राध्यापकानं ते उभं केलं. त्यांची गोष्ट तुम्हाला आवडेल. अलाबामातल्या मोबील गावी, बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांनी अशीच एक मीठदाणी विकत घेतली आणि विकणाऱ्याच्या देखत जमिनीवर आपटून फोडली. मग जन्मभर तेच जमवत राहिले. १९९६ साली सगळा साठा विद्यापीठाला दिला. २०१२ साली तिथं मोठी जागा झाली. पोरगा फोडतो, माणूस जमवतो. दोघांचा राग एकच, पण दुसऱ्याला त्या रागाचं काय करायचं ते कळलंय.

१९७२ साली, म्हणजे इथं पँथर निघाली त्याच साली, बेटी सार नावाच्या काळ्या चित्रकार बाईनं कॅलिफोर्नियात काय केलं? त्याच जाड्या बाईचा पुतळा घेतला, आंट जेमायमा. तिच्या हातातला झाडू राहू दिला आणि तिला बंदूक दिली. ही आंट जेमायमा म्हणजे १८८९ पासूनचा पिठाचा मार्का. पण १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत तिचं सोंग घेऊन पॅनकेक करून विकणारी खरी बाई होती, नॅन्सी ग्रीन, गुलाम म्हणून जन्मलेली. १९२३ साली मोटारीखाली सापडून गेली. तिचं हसू खोक्याखोक्यांवर आणि तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नाही. तो लागला २०२० साली, लोकांनी लावला. त्याच साली जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, रस्ते पेटले, तेव्हा कंपनीला त्या चित्राची लाज वाटली. २०२१ ला मार्काचं नाव बदललं. एकशे तीस वर्षं लागली.

परत येऊन आम्ही तळघरात वाटण्या करायला बसलो. वही समोर ठेवून.

नक्कल आणि अस्सल वेगळं करायचं होतं. गल्ला उलटा केला तर खाली फुलीच्या खाचेचा स्क्रू. तो स्क्रू १९३० नंतर आला, १८८० च्या गल्ल्यात कुठनं येणार? मावशीनं वहीत लिहिलंच होतं, नवा माल, १९८७. म्हणजे गुलामी जाऊन शंभरावर वर्षं झाली, कायदे मोडून वीस वर्षं झाली आणि कुणीतरी नवा साचा पाडत होता, कारण गिऱ्हाईक होतं. बाजारात त्याला किंमत नव्हती. मला विचाराल तर सगळ्या खोक्यात महत्त्वाचा पुरावा तोच. अस्सल माल सांगतो की आजोबा कसे होते. नक्कल सांगते की नातू कसे आहेत.

बहीण म्हणाली, हा एक मला द्या. हातोडी आणली. बीड ठिसूळ असतं, दोन घावात तीन तुकडे. सहा वर्षांचं ते पोरगं बघत होतं. ते म्हणालं, का फोडलंस? तिनं त्याला मांडीवर घेऊन अर्धा तास सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, मी मुद्दाम वर गेलो. खाली आलो तेव्हा तिनं तीनही तुकडे कागदात गुंडाळून, चिठ्ठी पुन्हा बांधून खोक्यात ठेवले होते. चिठ्ठीवर खाली तारीख घालून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, मी फोडला.

टांगलेल्या माणसाचं कार्ड कुणी वस्तू म्हणायला तयार झालं नाही. ते प्रेत आहे. वहीत त्या नंबरापुढं मावशीनं लिहिलं होतं की दोन लायब्ऱ्यांत विचारलं, नाव कळलं नाही. ठरलं असं, की त्याला किंमत नाही, ते विकायचं नाही, आणि नावाशिवाय कुठल्या काचेत लावायचं नाही. शोध धाकट्या मुलीनं घेतला. मी २०१९ ला परत आलो तोवर नाव सापडलं नव्हतं. माँटगोमेरीच्या स्मारकावरही काही नावांच्या जागी 'अनोळखी' एवढंच कोरलंय.

आणि शेवटचा नंबर. ती टिंगलीची वस्तू नव्हतीच. तो बिल्ला होता, युनियनचा. मावशीचा बाप पुलमन कंपनीच्या आगगाडीत झोपायच्या डब्यातला नोकर. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून गोरे पॅसेंजर डब्यातल्या प्रत्येक काळ्या नोकराला 'जॉर्ज' म्हणून हाक मारायचे. गुलामाला मालकाचं नाव, तसं. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फनी त्यांची युनियन बांधली, बारा वर्षं झुंजले आणि १९३७ ला कंपनीला करारावर सही करायला लावली. त्या युनियनचा तो बिल्ला. आणि मांडणीवर मावशीनं तो कुठं ठेवला होता? एका अ‍ॅशट्रेच्या शेजारी. अ‍ॅशट्रेवर तोच आगगाडीतला नोकर, दात काढून वाकलेला, त्याच्या हातातल्या ताटात विडी विझवायची. एकच माणूस. एकदा मालकानं काढलेला, एकदा त्यानं स्वतः छातीवर लावलेला.

इथं खरं भांडण झालं. दोस्त म्हणाला, अ‍ॅशट्रे द्या संग्रहालयाला, बिल्ला घरात राहील, माझ्या आजोबांचा आहे, नातवाला देईन. बरोबरच होतं त्याचं. धाकटी म्हणाली, मग त्या काचेत आपलं काय उरेल? नुसती थुंकी. बघणारा येईल, चुकचुकेल, बिचारे म्हणेल आणि जाईल. आपण बिचारे नव्हतो, हे सांगणारी एकच वस्तू आहे आणि ती तू कपाटात ठेवणार? दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी दोस्तानं बिल्ला आणून अ‍ॅशट्रेच्या शेजारी ठेवला. म्हणाला, पण वेगळे करायचे नाहीत, लिहून घ्या. नातवाला आजोबांचा फोटो मिळाला.

तुम्हाला वाटेल संग्रहालयवाले हार घेऊन उभे असतात. नसतात. असल्या बरण्या त्यांच्याकडे डझनानं पडलेल्या. आधी पत्र टाकावं लागतं, फोटो पाठवावे लागतात, नको ते ते परत करतात. एकदा लिहून दिलं की वस्तू त्यांची. मावशीची खोकी एका संस्थेनं घेतली ती वहीमुळे. नुसत्या वस्तू म्हणजे कबाड. कुणी, कुठं, किती पैशाला, काय बोलून विकली, हे बरोबर आलं की ती साक्ष होते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईनं हे काम कुठल्याही प्रोफेसरच्या आधी केलं होतं.

आणि पैसे? पैसे गेले. हे मी लपवणार नाही. दोस्तानं वर्षभर शनिवारी जादा पाळी केली आणि मयताचं बिल हप्त्यानं फेडलं. घरपट्टीसाठी मावशीची गाडी विकली. त्याची बायको अजून म्हणते की एवढं मोठं मन गरिबाला परवडत नाही. तिचंही खोटं नाही. स्वाभिमानाचं बिल येतं आणि ते भरावं लागतं.

एक शेवटचं पुस्तक राहिलं होतं, छोटं, मुलांचं. 'लिटल ब्लॅक साम्बो'. १८९९ चं. 'साम्बो' ही काळ्यांना द्यायची शिवी. धाकटीनं ते मला वाचायला दिलं. गोष्टीत वाघ आहेत. वाघ एकमेकांची शेपटी धरून झाडाभोवती इतके पळतात की त्यांचं तूप होतं. तूप! हेलन बॅनरमन नावाची स्कॉटिश बाई, नवरा इंग्रज सरकारचा डॉक्टर, मद्रासेकडे राहायची, तिनं लिहिलेली गोष्ट. आफ्रिकेत वाघ नसतात आणि अमेरिकेत तूप नसतं. ते पोरगं इथलं, आपल्याकडचं. अमेरिकेत नेऊन त्याला तिथल्या काळ्याचं तोंड लावलं. धाकटीनं विचारलं, मग हे पोरगं तुझं का आमचं? मी म्हटलं, दोघांचं. गोऱ्या बाईच्या खिडकीतनं बघितलं तर आपण सगळे एकच दिसतो. फक्त आपल्यातल्या काहींना ते अजून कळलेलं नाही, ते गाडीच्या काचा वर करतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला याचा काय उपयोग? आमच्या घरात बरण्या नाहीत. नाहीत. माझ्या आजोबांची घुंगुरकाठी होती. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, काठी घरात राहिली, पुढं बापानं ती बंबात घातली. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. बापानं मला ती अभिमानानं सांगितली आणि मी अभिमानानं ऐकली. आजही मी त्याला चूक म्हणणार नाही. पण मावशीची वही बघितल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, जाळायच्या आधी दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर! काठी किती लांब होती, घुंगरं किती, आजोबा ती हातात घेताना काय म्हणायचे. आता बाप नाही. विचारायला कुणी नाही. इतिहास म्हणून शिल्लक आहे ती बंबातली राख, आणि उद्या कुणी येऊन म्हणालं की असली काठी नव्हतीच, तर मी काय दाखवू?

म्हणून एवढंच सांगतो. घरातलं म्हातारं माणूस गेलं की पेटी उघडायची घाई करू नका आणि पेटवायचीही करू नका. व्यापारी दारात आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा, त्याला घाई असते म्हणून आपल्याला असावी असं नाही. आधी वही काढा. कुणाचं, कुठनं आलं, कधी, कुणी दिलं. म्हातारी माणसं अजून आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, पेटी त्यांच्या देखत उघडा. फोडायचंच असेल तर फोडा, पण मी फोडलं असं खाली सही करून लिहा. आणि मालकानं काढलेलं आपलं तोंड जिथं ठेवाल, तिथं शेजारी आपला बिल्ला ठेवा.

दोस्ताचा नातू आता पोरगा राहिलेला नाही. मध्ये फोन केला होता. त्यानं मला विचारलं, तुम्ही त्या गल्ल्याला हसला होतात ना? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मीही. मग तो म्हणाला, म्हणून तर मला तो लक्षात राहिला.

थांबतो. प्रश्न विचारा. चहा प्रश्नांनंतर.